पाऊणमास्तर

अंबरनाथला मोरिवलीच्या बाजूला, जिथे गावातले कोंबडे आणि कंपन्यांचे भोंगे आधी कुणी ओरडायचं यावरून रोज भांडत, तिथे एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे पत्र्याची शेड होती. तीच आमची व्यायामशाळा. दारावरच्या पाटीवर तिचं काहीतरी भारदस्त नाव रंगवलेलं होतं, पण तिथल्या केमिकलच्या हवेनं त्यातली अक्षरं एकेक करून खाऊन टाकली होती. त्या हवेत लोखंड टिकत नसे, तिथे रंगाचं काय घेऊन बसलात. उल्हासनगरच्या कॅम्प पाचपासून बदलापूरच्या बेलवलीपर्यंत लोक तिला एकाच नावानं ओळखत. पाऊणमास्तरची शाळा.

मास्तरांचं खरं नाव विश्राम. छाती अशी, की बटणं लावताना शर्टच माफी मागायचा. दंड असे, की रेशनच्या रांगेत उभे राहिले तर पुढचा माणूस मागे न बघताच "तुम्ही घ्या आधी" म्हणायचा. आणि एवढ्या देहातून आवाज यायचा तो लायब्ररीत पेन्सिल पडावी तसा. हा माणूस जन्मात कधी ओरडला नव्हता. जन्मात कधी धावला नव्हता. शिंक आली तरी ती पाऊण वाटेवर धरून ठेवायचा आणि उरलेली नाकातल्या नाकात जिरवायचा. डोक्यावर पाऊण टक्कल होतं, पण ते निसर्गाचं काम, त्यात मास्तरांचा हात नव्हता. निदान ते तसं सांगायचे.

एका केमिकल कंपनीत ते बॉयलर अटेंडंट होते, आणि त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या बॉयलरच्या काट्याकडे बघता बघता तयार झालं होतं. शाळेत नवा माणूस आला की त्याला वजनाला हात लावण्याआधी हे ऐकावं लागे.

"बॉयलर रोज किती प्रेशरवर चालवतात?"

नवा माणूस वजनांकडे बघायचा. तो बिचारा दंड वाढवायला आलेला असे.

"पाऊण. लाल रेघेच्या बरंच अलीकडे. वर्षातून एकदा साहेब येतात, टेस्ट घेतात, तेव्हा काटा पार वर न्यायचा. त्या दिवशी कळतं, कुठून गळतंय. आता मला सांग, रोज टेस्ट घेतली तर काय होईल?"

"फुटेल."

"कोण?"

"बॉयलर."

"आणि शेजारी उभा असलेला साहेब. म्हणून रोज पाऊण. स्पर्धेच्या दिवशी पूर्ण. चल, काढ चपला."

मी गेलो तेव्हा माझी तब्येत अशी होती, की वारा सुटला की आई माझ्या खिशात दगड घालून मला बाहेर पाठवायची. मला घाई होती. पहिल्याच दिवशी मी दात-ओठ खाऊन बैठका मारायला लागलो. मास्तर शांतपणे जवळ आले आणि विचारलं, "आज घरी भाजी काय?"

मी म्हटलं, "शे... शे..."

"शेपू की शेवगा?"

"शेव..."

"बास. बस खाली. ज्याला भाजीचं नाव पुरतं सांगता येत नाही, तो पाऊणच्या पुढे गेलेला आहे. उरलेलं घरी घेऊन जा, उद्या लागेल."

हा त्यांचा काटा. व्यायाम करता करता माणसाला घरच्या भाजीबद्दल सबंध वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटला की वजन कमी. त्यामुळे संध्याकाळी आमच्या शाळेत जे दृश्य दिसायचं ते महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे दिसत असेल असं मला वाटत नाही. रेड्यासारखे गडी ओळीनं उठबस करतायत आणि एका सुरात बोलतायत. "मेथी आहे मास्तर, लसणावर परतलेली, पण आईला बरं नाही म्हणून ताई करणार आहे." पलीकडून, "आमच्याकडे सुकट, आधी तव्यावर भाजायची, मग कांदा, मग कोकम." मोरिवलीतल्या बायका पत्र्याला कान लावून ऐकायच्या. एक बाई तर सुनेला घेऊन आल्या आणि फी विचारायला लागल्या. मास्तरांनी तिलाही नाही म्हटलं नाही. म्हणाले, "शिकेल, पण बैठका माराव्या लागतील."

घरी वहिनींचं नाव सुमन. त्या चहा गाळायच्या आणि पेला पाऊणच भरायच्या, कारण पूर्ण भरला तर मास्तर त्यातला पाव उरवायचे. मग पाऊण भरला तर पाऊणातला पाव उरायला लागला. वहिनींनी आणखी कमी केला. असं करत करत वीस-बावीस वर्षांच्या संसारात मास्तरांचा चहा औषधाच्या टोपणापर्यंत आला होता, आणि त्यातही तळाशी थोडा शिल्लक असायचाच.

बाहेरच्या खोलीत बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. मास्तर मूर्तीकडे हात करून आम्हाला सांगायचे, "वीणेची तार फार ताणू नये, फार सैल सोडू नये. आपला सगळा व्यायाम यात आला."

वहिनी आतून म्हणायच्या, "त्यांनी मध्यम मार्ग सांगितला. ह्यांनी त्याचा पाऊण केला."

"ऐका," मास्तर म्हणायचे.

"काय ऐका. भांडतातसुद्धा पाऊण. ऐन रंगात आलं की म्हणतात, बाकीचं उद्या. मी बाई सगळे मुद्दे तयार ठेवून बसते, आणि उद्या ह्यांच्या ध्यानातच नसतं."

मास्तर हसायचे. पाऊण.

आता या शिकवणीचे तोटे नव्हते असं नाही. एकदा आम्ही सगळे सकाळी एमआयडीसीच्या रस्त्यानं पळत होतो. पळत म्हणजे, सुकटीबद्दल बोलता येईल इतपत. एका गेटमधून कुत्रं अंगावर आलं. कुणीही शहाणा माणूस काय करील? जीव घेऊन पळेल. आमची अडचण अशी, की आमच्या पायांना दुसरा वेग माहीतच नव्हता. आम्ही तसेच, मापात, एकमेकांशी बोलत पळत राहिलो, आणि कुत्र्यानं रांगेतल्या प्रत्येकाला आपापल्या नंबरप्रमाणे चावून घेतलं. कुत्र्याला कुणी पाऊण शिकवलेलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात इंजेक्शनला आम्ही ओळीनं उभे राहिलो, तेव्हा नर्सला वाटलं पोलीसभरती आहे.

मास्तरांना हे सांगितलं, तर त्यांनी आमच्या पोटऱ्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. म्हणाले, "कुत्रं पूर्ण पळालं?"

"हो मास्तर. पार जीव तोडून."

"उद्या लंगडेल."

आणि दुसऱ्या दिवशी ते खरंच लंगडत होतं. तुमचा विश्वास बसणार नाही, पण त्या दिवसापासून मोरिवलीत मास्तरांचा शब्द म्हणजे पंचांग झालं.

खरा घोळ वेगळाच होता. रोज पाऊण हे आम्हाला इतकं उत्तम जमलं होतं, की स्पर्धेच्या दिवशी पूर्ण कुठून काढायचं हे कुणालाच कळत नव्हतं. मास्तर सांगायचे, "पूर्ण आत शिल्लक आहे." असेलही. पण ज्या पेटीत ते होतं तिची किल्ली आमच्यापैकी कुणाकडे नव्हती. आमचे गडी मैदानात उतरायचे, न घामेजता दुसरे यायचे आणि हसत परत यायचे. "मास्तर, अजून बरंच शिल्लक आहे." मास्तर पाठ थोपटायचे. "शाब्बास. सांभाळून ठेव." शेडीतल्या फळीवर दुसऱ्या नंबरचे इतके कप जमले होते, की त्यांच्या वजनानं फळी वाकून तिचीच कमान झाली होती. आयोजक आमचं नाव आलं की दुसऱ्या नंबरच्या कपावर ते आधीच कोरून आणायचे.

अशातच कॅम्प पाचात गोपभाईची जिम निघाली. गोपभाई म्हणजे तिथल्या एका जीन्सवाल्या शेठचा मुलगा, मनानं वाईट नाही, पण सदा सुटलेला बाण. चारी बाजूंना आरसे, एसी, आणि गाणी इतकी मोठ्यानं की डंबेल आपोआप हलायची. त्याचं तत्त्व अगदी उलटं. रोज पूर्ण. रोज मरायचं. प्रत्येक मशीनच्या शेजारी उलटी करायला एकेक बादली ठेवलेली, आणि ज्याची बादली कोरडी त्याला घरी पाठवायचे. तिथे जाणाऱ्यांपैकी कुणाच्या गुडघ्याला पट्टा होता, कुणाच्या कोपराला, एकाच्या तर जबड्याला होता. तो कसा काय, ते त्यानं कधीच सांगितलं नाही, कारण जबड्याला पट्टा होता.

पण पोरांना बादल्या आवडल्या. आमच्या शाळेतली गर्दी ओसरायला लागली. भाजीची वाक्यं कमी झाली, आणि पत्र्याबाहेरच्या बायकांनी तक्रार केली की गुरुवारचं काहीच कळलं नाही.

एक दिवस गोपभाई स्वतः मोटरसायकलवरून शेडीपाशी आला. बेलवलीच्या मैदानावर जानेवारीत दमाची मोठी स्पर्धा होती. बैठका, पोतं घेऊन धावणं, आणि शेवटी दोरानं टेम्पो ओढणं. त्याला आपल्या जिममधला हरी उतरवायचा होता. फळीवरच्या कपांकडे बघून तो म्हणाला, "मास्तर साईं, एक बात पूछूँ? बुरा मत मानना. ये तुम्हारा फुल किसने देखा है?"

शेडीत सगळ्यांची उठबस थांबली.

"तुम बोलते हो अंदर है, अंदर है. बीस साल से अंदर है. मेरे को लगता है अंदर कुछ है ही नहीं. तुम्हारा पौना ही तुम्हारा फुल है."

मास्तरांनी हातातली प्लेट खाली ठेवली. मग त्यांच्या त्या पेन्सिलीच्या आवाजात म्हणाले, "बेलवलीला आमचं पूर्ण दिसलं नाही, तर मी शाळेला कुलूप लावीन."

"क्या बोला?" गोपभाईनं विचारलं. त्याला ऐकूच गेलं नव्हतं.

आता घ्या. आम्हालाच ते मोठ्यानं परत सांगावं लागलं. मास्तरांनी स्वतःलाच सुनावलेली फाशीची शिक्षा आम्हीच दवंडी पिटून जाहीर केली. गोपभाईचासुद्धा चेहरा उतरला. "अरे, मैं तो ऐसे ही बोला," म्हणत तो निघून गेला. पण मास्तर बोललेलं शिल्लक ठेवत नसत.

उतरवायचा कोण, यावर वाद नव्हता. दिन्या. लेथवर काम करणारा, अंगानं विजेच्या खांबाएवढा, आणि इतका सज्जन, की डास चावला तर त्याचं पोट भरेपर्यंत हात हलवायचा नाही. मास्तरांचा शब्द त्याला वडिलांच्या शब्दाच्या वर. कंपनीच्या गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंतचं अंतर बेलवलीच्या मैदानाएवढंच भरत होतं. दिन्या रोज फरशा भरलेला टेम्पो दोरानं ओढत आणायचा. नाल्यावरच्या मोरीपाशी पोचला की मास्तर म्हणायचे "बास", आणि दिन्या थांबायचा. मोरी बरोबर पाऊण अंतरावर होती. टाकीपर्यंत टेम्पो एकदाही गेला नाही.

"मास्तर, एकदा टाकीपर्यंत नेऊन बघू का?" त्यानं एकदा विचारलं. "पूर्ण म्हणजे कसं लागतं ते तरी कळेल."

"बघितलंस तर खर्च होईल."

"मग त्या दिवशी मला कळणार कसं?"

मास्तरांनी खडूनं भिंतीवर बॉयलरचा गोल काटा काढला. त्यात लाल रेघ काढली. त्या रेघेपलीकडे बोट ठेवून म्हणाले, "इथे यायचं." दिन्यानं मान डोलावली. मग रोज व्यायाम झाला की तो त्या भिंतीसमोर मांडी घालून बसायचा आणि लाल रेघेच्या पलीकडच्या पांढऱ्या जागेकडे एकटक बघायचा. पूर्ण जोर लावण्याची त्याची एवढीच तयारी. पोहणं नकाशावर शिकवावं, तसं.

मी वहिनींना म्हटलं, "वहिनी, मास्तरांना समजवा. एकदा तरी ओढू द्या त्याला."

वहिनी भांडी घासत होत्या. "मी सांगून बघितलं. मला म्हणाले, सुमन, मला पूर्ण शिकवता येत नाही, मी आजवर फक्त थांबवलंय." त्यांनी पातेलं उपडं ठेवलं. "झोप नाही त्यांना. काल पहिल्यांदा चहा सगळा प्यायले. ध्यानातच आलं नाही त्यांच्या."

चहा संपला म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी बेलवलीचं मैदान असं भरलं होतं, की उशिरा आलेले लोक आधी आलेल्यांच्या खांद्यांवर बसले आणि त्यांच्याहून उशिरा आलेले या लोकांच्या. आजूबाजूच्या इमारतींच्या गच्च्यांवर बायका पापडाच्या पाट्या घेऊन बसलेल्या. आणि काय सांगू, मास्तरांचं म्हणणं शब्दशः खरं ठरायला लागलं. गोपभाईच्या हरीनं आदल्या दिवसापर्यंत रोज पूर्ण काढलं होतं. मैदानात आला तेव्हाच तो वापरलेल्या टूथपेस्टच्या ट्यूबसारखा दिसत होता. बैठकांत दिन्या त्याच्या पुढे गेला. पोतं घेऊन धावताना दिन्या पुढे, तेही पंचांना घरच्या वांग्याच्या भरताबद्दल सांगत. गोपभाई नखं खात होता. मास्तर मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभे होते. मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला होता. इतक्या वर्षांत तो हनुवटीला पोचलेला मी बघितला नव्हता.

मग टेम्पो. दोघांच्या खांद्यांवर दोर, मागे फरशांनी भरलेले दोन टेम्पो. शिट्टी झाली. हरी दोन पावलं गेला आणि गुडघ्यावर आला, उठला, परत बसला. दिन्या मात्र मोटेच्या बैलासारखा, एका लयीत, चालत सुटला. अर्धं मैदान गेलं. हरी मागे. बरंच मागे. लोक ओरडायला लागले. माझ्या शेजारच्या एका अनोळखी म्हाताऱ्यानं माझी टोपी काढून हवेत फेकली. मी टोपी घालत नाही, तरी फेकली.

आणि पाऊण मैदानावर दिन्या थांबला.

दोर सैल झाला. त्यानं कमरेचा पंचा काढला, तोंड पुसलं, आणि आमच्याकडे बघितलं. मास्तरांच्या "बास"ची वाट बघत. रोज तिथे मोरी असायची. त्याच्या पायांना वाटलं, मोरी आली.

मागून हरीच्या टेम्पोचं चाक कुरकुरलं. मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. आणि ओरडले.

"ओढ..."

त्या आवाजाचं वर्णन करायला मी भाषेला त्रास देत नाही. एवढंच सांगतो, की कर्ण्यातून शिट्टी आली आणि तो बंद पडला. गच्च्यांवरचे पापड पाट्यांतून उठून उभे राहिले. पलीकडच्या लग्नाच्या हॉलमधला बॅंड थांबला आणि नवरदेव पळून जायला लागला, त्याला वाटलं सासरे आले. हरी, जो निम्मा जमिनीवर होता, तो दचकून असा उठला, की टेम्पोसकट धावतच सुटला आणि रेघ ओलांडून पलीकडच्या कुंपणाला जाऊन धडकला.

आणि दिन्या? त्यानं मास्तरांचा असा आवाज कधी ऐकलाच नव्हता. त्याला वाटलं, मास्तरांना काहीतरी झालं. त्यानं खांद्यावरचा दोर फेकला आणि सगळं मैदान तिरकं ओलांडून आमच्याकडे धावत आला. मास्तरांचे दोन्ही खांदे धरून विचारायला लागला, "मास्तर, कुठं दुखतंय? छातीत कळ आली का? कुणीतरी पाणी आणा रे."

मास्तर बोलायला गेले, तर नुसती हवा आली. आवाज गेला होता. सगळाच्या सगळा. वीस वर्षांचा साठा एका शब्दात संपला होता.

आम्ही दुसरे आलो. कप तयारच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडीपाशी गेलो, तर मास्तरांनी दाराला कुलूप लावलेलं. पत्र्याचं जाड दार, विटांच्या भिंतीत बसवलेल्या लोखंडी चौकटीत, आणि त्यावर बॉयलररूमला लावतात तसलं कुलूप. किल्ली शर्टाच्या खिशात. ते दाराला पाठ लावून उभे होते. वहिनीही आल्या होत्या, आणि उरलीसुरली शाळा. गोपभाई मोटरसायकल दूर लावून चालत आला. रात्रभर हरीबरोबर दवाखान्यात होता तो. म्हणाला, "मास्तर साईं, ताला मत लगाओ. मेरे मुँह से निकल गया था. मेरे पास भी अब कौन आएगा, आधे लड़के पट्टे में हैं."

मास्तरांनी मान हलवली. नाही. शब्द तो शब्द.

मग दिन्या पुढे झाला. डोळे सुजलेले. "मास्तर, किल्ली द्या."

मास्तरांनी खिशावर हात ठेवला.

"बरं," दिन्या म्हणाला. त्यानं मास्तरांना दोन्ही हातांनी हलकेच, कपाट सरकवावं तसं, बाजूला ठेवलं. दाराची कडी धरली आणि ओढायला लागला. कुलूप कुरकुरलं. चौकट जागची हलली नाही. तो ओढत राहिला, आणि आम्हाला सगळ्यांना दिसलं की पाऊण झालं. मानेवरची शीर उभी राहिली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, म्हणजे त्याची मोरी आली होती. सवयीनं त्यानं मान वळवून मास्तरांकडे बघितलं. बास ऐकायला.

मास्तरांनी बास म्हणायला तोंड उघडलं. आवाज नव्हता.

दिन्या वाट बघत राहिला. हात कडीवरच. बास येईना. आणि ज्याला आजवर फक्त त्या एका शब्दानं थांबवलं होतं, त्याला आता थांबवायला काहीच नव्हतं. त्यानं मान परत दाराकडे वळवली.

आधी पायाखालची माती सरकली. मग पत्रा कण्हला. मग आतून कपांचा एकेक करत पडायचा आवाज यायला लागला. वहिनींनी माझा हात धरला. दिन्याच्या तोंडून भाजीचं तर सोडाच, आईचं नावही निघालं नसतं अशी अवस्था होती. आणि ते दार, कुलूप, चौकट आणि चौकटीला धरून बसलेल्या विटांसकट, दाढ निघावी तसं भिंतीतून बाहेर आलं. दिन्या दारासकट उताणा पडला. धूळ बसली तेव्हा शेडीला दाराच्या जागी एक मोठं भगदाड होतं, आणि कुलूप अजून लावलेलंच होतं.

गोपभाई म्हणाला, "भाई, ये कल क्यूँ नहीं किया?"

दिन्या दाराखालून म्हणाला, "कल ताला नहीं था."

मास्तर दिन्याच्या शेजारी उकिडवे बसले. त्याच्या मनगटाची नाडी धरली. मग खांद्यापासून बोटांपर्यंत, मानेपासून कमरेपर्यंत, दाबून दाबून तपासत गेले, टेस्टनंतर कुठून गळतंय ते बघतात तसं. कुठेच गळत नव्हतं. मास्तरांचे डोळे सोडून. त्यांनी खिशातली किल्ली काढली, तिच्याकडे बघितलं, भगदाडाकडे बघितलं. आता कुलूप लावायचं तर कशाला लावायचं. किल्ली त्यांनी वहिनींच्या हातात दिली. वहिनींनी ती कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "बाकीचं भांडण उद्या. आत्ता चहा ठेवते." मास्तर भगदाडातून आत गेले, शर्ट काढून खिळ्याला लावला आणि आम्हाला हातानं आत बोलावलं. दिन्या उठून मागोमाग निघाला, तर त्याच्या छातीवर पंजा टेकवून मास्तरांनी त्याला परत पाठवलं. घरी जा. आठवडाभर काही उचलायचं नाही, जेवणाचा डबासुद्धा.

शाळेला पुन्हा दार बसलंच नाही. मास्तरांचा आवाज काही महिन्यांनी परत आला, आणि होता त्याहूनही बारीक आला. नंतर मला नाशिकला नोकरी लागली आणि माझं तिकडे जाणं सुटलं.

चार-पाच वर्षांनी कामानिमित्त अंबरनाथला आलो होतो. भर दुपारी एका मित्राची स्कूटर घेऊन मोरिवलीच्या रस्त्यानं एकटाच चाललो होतो. शेड दिसली. दार नसल्यामुळे रस्त्यावरून सगळं आतपर्यंत दिसत होतं. आत कुणीच नव्हतं. फक्त मास्तर. डोकं आता पूर्ण टकलं, पाठीवर पांढरे केस. जमिनीवर लोखंडी बार पडलेला, आणि दोन्ही बाजूंना त्यांनी शाळेतल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या प्लेटी चढवलेल्या. त्यांनी एकदा उजवीकडे बघितलं, एकदा डावीकडे. मग वाकून बार धरला.

मी ब्रेक लावला होता, तो सोडला. एखाद्या माणसानं जन्मभर काही झाकून ठेवलेलं असतं, ते त्याच्या शेडीला दार नाही म्हणून आपण बघू नये. मी वळणापर्यंत गेलो असेन, तेव्हा मागून आवाज झाला. केवढा, ते मी सांगणार नाही. तुम्ही म्हणाल ह्याला वाढवून सांगायची खोड आहे. पण नाल्यापलीकडच्या गोदामाच्या पत्र्यावर कबुतरांचा एक थवा बसला होता, तो सगळाच्या सगळा उडाला, आणि मी त्या रस्त्यावरून दिसेनासा होईपर्यंत तरी परत बसला नव्हता.